आखातात नोकरीला निघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातात एका बांधकाम कंपनीच्या साइटवर मी १४ वर्षं टाइमकीपर होतो. सकाळी साडेपाचला बसमधून उतरणाऱ्या माणसांची हजेरी लिहायची, महिनाअखेरीला ओव्हरटाइमचे तास जुळवायचे, हे माझं काम. आता गावी, खेड तालुक्यात असतो. दर आठवड्याला कुणी ना कुणी पासपोर्ट आणि मोबाइलवर आलेलं ऑफर लेटर घेऊन ओट्यावर येऊन बसतं. दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनहूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत.

माझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का आहे. त्याचा अर्थ काय?

ईसीआर म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्याआधी तुम्हाला सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यावी लागते. यूएई, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सहाही आखाती देश या यादीत आहेत. शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया, येमेन, सिरिया, सुदान, दक्षिण सुदान आणि अफगाणिस्तान.

परवानगी देतो तो अधिकारी म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. मुंबईतलं त्याचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. अर्ज मात्र ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सरकारी शुल्क २०० रुपये.

पुष्कळ मुलांना हा शिक्का म्हणजे कपाळावरचा कलंक वाटतो. तसं समजू नका. १९८३च्या एमिग्रेशन कायद्याने कमी शिकलेल्या कामगारासाठी एक दरवाजा बसवला आहे. त्या दरवाजातून जाताना कुणीतरी तुमचा करार वाचतं, मालक कोण ते नोंदवतं आणि तुमचा विमा उतरवला जातो. दरवाजा चुकवून गेलात की यातलं काहीच तुमच्या पाठीशी राहत नाही.

मी दहावी पास आहे, तरी शिक्का कसा आला?

पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं नसेल. कोकणात हे फार होतं, कारण फॉर्म भरून देणारा सांगतो, ‘आधार आहे ना, बास झालं.’ प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढायला अर्ज करा, शिक्का जातो. दहावी नसली तरी प्राप्तिकर भरणारे, ५० वर्षांवरचे आणि एकूण ३ वर्षांपेक्षा जास्त परदेशात राहिलेले लोकही यातून सुटतात. त्याची कागदपत्रं मात्र दाखवावी लागतात.

एजंट खरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

माणसाकडे, ऑफिसच्या काचेकडे किंवा भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघून नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. त्यात नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे, ते दिसतं. बेकायदा एजंटांची वेगळी यादीही तिथेच आहे. दोन्ही बघा.

परवाना चालू दिसला म्हणजे तपासणी संपली असं नाही. यादीत जो पत्ता आणि जो फोन आहे, त्यावर स्वतः फोन करा. विचारा, ‘अमुक कंपनीसाठी सुतार, फिटर घेताय का? तमुक माणूस तुमचाच का?’ खऱ्या कंपनीचं नाव आणि परवाना क्रमांक उचलून खोटी जाहिरात करणारे बरेच आहेत. खऱ्या एजंटकडे परदेशी मालकाचं डिमांड लेटर, म्हणजे माणसं मागणारं पत्र, आणि एजंटच्या नावाचं मुखत्यारपत्र असतं. ते दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर उठून या.

पण माझा माणूस ओळखीचा आहे. आमच्याच मोहल्ल्यातला, आतेभावाला त्यानेच पाठवला.

हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो, कारण विचारणारा खोटं बोलत नसतो. तो माणूस खरंच ओळखीचा असतो, लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसलेला असतो, आणि आतेभाऊ खरंच सुखरूप पोचलेला असतो. पण कायद्यात सब-एजंट नावाची कुठलीही व्यक्ती नाही. परवाना असलेली कंपनी किंवा तिची मंजूर शाखा, एवढंच. मधला माणूस मुंबईच्या ऑफिसला तुमचा पासपोर्ट देतो आणि माणशी पैसे घेतो. काही बिनसलं की ऑफिस म्हणतं, ‘आम्ही याला ओळखत नाही’ आणि तो म्हणतो, ‘मी फक्त ओळख करून दिली.’

त्याच्याशी भांडण काढायची गरज नाही. त्याला एवढंच म्हणा, ‘काका, ऑफिसचं नाव सांगा, मी स्वतः जाऊन पैसे भरतो, पावती घेतो.’ सरळ माणूस असेल तर याचा राग येणार नाही.

एजंटला किती पैसे द्यायचे?

कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. पावती घेऊन, कंपनीच्या बँक खात्यात.

आमच्याकडे लाखा-दीड लाखाच्या खाली कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आंब्याची कलमं गहाण पडतात, आईच्या पाटल्या मोडल्या जातात. म्हणून मर्यादा पाठच करून ठेवा. एजंट जास्त मागेल तेव्हा आकडा त्याच्यासमोर उच्चारा. ‘व्हिसाचे वेगळे, तिकिटाचे वेगळे’ असं म्हणाला तर डिमांड लेटरमध्ये ते खर्च कोणावर टाकले आहेत ते बघा. यूएईच्या २०२१च्या कामगार कायद्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ नाही आणि आडवळणानेही नाही.

कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका. रोख दिले आणि पावती नाही, तर ते पैसे दिलेच नाहीत असं पुढे पोलीस ठाण्यात धरलं जातं.

‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते.’ असं खरंच होतं का?

कधीकधी होतं. यूएईत देशातल्या देशात व्हिजिटचा नोकरीचा व्हिसा करता येतो, आणि तशी माणसं मी बघितली आहेत. म्हणूनच हे खोटं इतकं चालतं.

आता दुसरी बाजू. ईसीआर पासपोर्टवाला नोकरीसाठी व्हिजिट व्हिसावर गेला की त्याने क्लिअरन्स चुकवला. ई-मायग्रेटवर त्याची नोंद नाही, करार नाही, विमा नाही. विमानतळावर इमिग्रेशन अधिकारी विचारतो, ‘कशाला चाललास?’ एजंटने पढवलेलं उत्तर असतं, ‘फिरायला.’ म्हणजे देश सोडतानाच तुम्ही स्वतःच्या तोंडाने लिहून देता की नोकरीशी तुमचा काही संबंध नाही. उद्या पगार बुडाला तर कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

तिथे पोचल्यावर कंपनी दोन महिने ‘ट्रायल’ म्हणून राबवते. व्हिजिट संपत येतो. मग सांगते, जागा भरली. किंवा व्हिसा बदलायचे पुन्हा पैसे मागते. मुदत उलटली की दिवसागणिक दंड चढतो. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला यूएईत २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. त्यामुळे तपासणी आली की असली कंपनी आधी काय करते? तुम्हाला ओळख देत नाही.

एक प्रसंग सांगतो. गुहागरकडचा एक मुलगा परांची बांधायचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे असाच व्हिजिटवर आला होता. बावीसेक वर्षांचा असेल. आमच्या साइटवर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. माझ्या हजेरीपटात बघायला सांगितलं. त्यात त्याचं नाव नव्हतं, कारण कामाचा परवाना नसलेल्याचं नाव मला चढवता येत नव्हतं. तीन आठवडे तो रोज माझ्यासमोरून कामावर गेला होता, आणि कागदावर तो तिथे नव्हताच. मी गप्प बसलो होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. गावच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला परत पाठवलं.

तोच मुलगा क्लिअरन्स घेऊन आला असता तर त्याच्याकडे प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी असती. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. ईसीआरवाल्याला ती क्लिअरन्सबरोबर काढावीच लागते. शिक्का नसलेल्यालाही ती ऐच्छिक म्हणून घेता येते, आणि घ्यावीच असं मी सांगतो.

म्हणून पासपोर्टवर किंवा कागदावर नोकरीचा व्हिसा बघितल्याशिवाय विमानात बसू नका. तिकीट वाया गेलं तरी चालेल.

‘आझाद व्हिसा’ चांगला ना? कुठेही काम करता येतं म्हणतात.

असा व्हिसा कुठल्याच आखाती देशाच्या कायद्यात नाही. तुमचा कफील, म्हणजे व्हिसा काढून देणारा मालक, नुसता कागदावरचा असतो, तो वर्षाला पैसे घेतो आणि तुम्ही काम भलतीकडेच करता. ते काम बेकायदाच ठरतं. सौदीत कफील नाराज झाला, तर ‘कामावरून पळाला’ अशी नोंद करतो. तिला तिथे हुरूब म्हणतात. ती लागली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असूनही तुम्ही पकडले जाऊ शकता.

करारात काय वाचायचं?

सगळे आधी एकूण पगार बघतात. तुम्ही आधी बेसिक, म्हणजे मूळ पगार, बघा.

यूएईचं उदाहरण घ्या. एजंट म्हणतो १,५०० दिरहम. करारात बेसिक ६०० आणि बाकीचे भत्ते. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात, दिवसा २५ टक्के आणि रात्री दहा ते पहाटे चारपर्यंत ५० टक्के वाढवून. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या पगाराइतकी. ६०० बेसिकला वर्षाचे ४२० दिरहम होतात, १,२०० बेसिकला ८४०. पाच वर्षांत २,१०० की ४,२००, हा फरक आधीच्या एका ओळीने ठरतो. टाइमकीपरच्या खिडकीत येऊन ‘माझे पैसे कमी का?’ असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांचं उत्तर त्या ओळीत असायचं.

बाकी गोष्टी: कामाचं नाव तेच आहे का (इलेक्ट्रिशियन म्हणून नेऊन हेल्पर लिहिलेलं असतं), राहणं-जेवण कुणाकडे, करार किती वर्षांचा, सुट्टीचं आणि परतीचं तिकीट कुणाचं. यूएईचं ऑफर लेटर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात, अरबी-इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळतं. ते हिंदीतलं मागा. नंतरचा करार त्या पत्राशी जुळलाच पाहिजे. कतारला जाणाऱ्यांचा करार, बोटांचे ठसे आणि मेडिकल इथेच, मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये होतं. तिथे सही करण्याआधी आकडे वाचा, मागे रांग असली तरी वाचा.

मेडिकल कधी करायचं?

इथली नोकरी सोडण्याआधी. कतार सोडून बाकी आखातासाठीचं मेडिकल, ज्याला आपल्याकडे अजून गामका म्हणतात, ते वाफिद या संकेतस्थळावर नोंदणी करून मान्यताप्राप्त केंद्रातच होतं. छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला, तरी ‘अनफिट’ शेरा येऊ शकतो, मग तुम्ही आज कितीही ठणठणीत असा. ‘पैसे द्या, फिट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तिथे पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि परत पाठवतात.

माझ्या बहिणीला कुवेतमध्ये घरकामासाठी बोलावलंय. वय २६.

ईसीआर पासपोर्ट असेल तर नाही पाठवता येणार. ईसीआर देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० असावं लागतं. तिला व्हिजिटवर न्यायची भाषा कुणी करत असेल, तर ते ताबडतोब थांबवा. चार भिंतींच्या आत काम करणाऱ्या बाईचं तिथे साक्षीदार कुणी नसतं.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम आहे, महिना लाखभर. मुलगा ग्रॅज्युएट आहे.

हे शिकलेल्या मुलांसाठी लावलेलं जाळं आहे. बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीने सीमा पार करून म्यानमारमधल्या म्यावाडीला, किंवा लाओस, कंबोडियात नेतात. पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. नकार दिला तर मारहाण. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमधून परत आणलं.

भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जाता येतं, पण ती सोय पर्यटकांची आहे, नोकरीची नाही. साधा टायपिंगचा मुलगा इतक्या लांब लाख रुपयांवर कोण आणि का बोलावेल, हा प्रश्न घरात बसून, शांतपणे एकमेकांना विचारा.

क्रूझवर किंवा मालवाहू जहाजावर जायचंय. तिथेही हेच नियम?

नाही, जहाजाचं खातं वेगळं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली पुष्कळ मुलं या वाटेने जातात. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा. त्याची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. खलाशाकडून भरतीसाठी पैसे घेणं नियमाने पूर्ण बंद आहे. इथे ३०,००० ची मर्यादासुद्धा नाही, मर्यादा शून्य आहे.

इंग्लंडमध्ये केअर वर्करचा व्हिसा देतो म्हणतोय.

२२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून केअर वर्करची नवी भरती बंद केली आहे. त्यानंतर असा व्हिसा इथे बसून विकणारा तुम्हाला फसवतोय. इतर कामांसाठी ज्या ब्रिटिश कंपन्यांना माणूस बोलावायचा परवाना आहे, त्यांची यादी त्यांच्या सरकारने जाहीर ठेवलेली आहे. कंपनीचं नाव तिथे शोधा.

सामानात काय न्यायचं नाही?

खसखस. यूएई आणि सौदीत ती अमली पदार्थांत मोडते. आई प्रेमाने अनारसे बांधून देते, त्यावर खसखस असते. वाटलेल्या मसाल्यातही असते. आईला आधीच सांगा. ट्रामाडॉल, कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधंही परवानगीशिवाय नेऊ नका.

आणि दुसऱ्याचं पार्सल नाही म्हणजे नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याने नातेवाईकाने दिलेली पिशवी कतारला नेली, तिच्यात चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटायला २०२१ उजाडलं.

मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगारही थकवलाय. काय करू?

यूएईच्या कायद्यात कामगाराची कागदपत्रं अडकवून ठेवायला मालकाला मनाई आहे. पळून जाऊ नका, नाहीतर पळाल्याची नोंद तुमच्यावर उलटेल. आधी तिथल्या कामगार मंत्रालयात तक्रार करा. यूएईत असाल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नंबर ८००-४६३४२ आहे. इतर देशांत भारतीय दूतावास गाठा. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही टाका, म्हणजे तिला क्रमांक मिळतो आणि तिचा माग ठेवता येतो. दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या कामगाराचं राहणं आणि परतीचं तिकीट त्यातून होऊ शकतं.

उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, यूएईत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. ती मोडली जात असेल तर तीही तक्रारच आहे.

इथेच पैसे घेऊन एजंट गायब झाला. पोलीस म्हणतात, हा केंद्राचा विषय.

नाही. फसवणुकीचा गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. एमिग्रेशन कायद्याखाली खटल्याला एरवी केंद्राची पूर्वमंजुरी लागते, पण फसवल्या गेलेल्या माणसाने किंवा त्याच्या आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडांनी स्वतः तक्रार केली तर ती लागत नाही. विनापरवाना भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. विदेश भवनातल्या प्रोटेक्टरकडेही लेखी तक्रार द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, खातं गोठवता येतं.

निघताना घरी काय ठेवून जाऊ?

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा पॉलिसी, एजंटच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. कंपनीचं पूर्ण नाव आणि कॅम्पचा पत्ता पोचल्या दिवशी कळवा. ‘दुबईला आहे’ एवढ्यावर कुणालाही शोधता येत नाही. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर १८००-११-३०९० आहे. तो मोबाइलमध्ये ठेवाच, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरही आईला दिसेल अशा मोठ्या आकड्यांत लिहून जा.